उन्हाने विषाणू मरतो, मग मे महिन्यात फ्लू का होतो?

होळी पेटली की आमच्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. 'डॉक्टरसाहेब, आता ऊन तापायला लागलं, ह्या सर्दी-खोकल्याच्या साथी आता आपोआप जातील.' होळी जळाली, थंडी पळाली आणि थंडीबरोबर तिचे रोगही पळाले, असा साधा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब अगदीच खोटा नाही, आणि म्हणूनच तो जास्त फसवा आहे. उष्णतेने विषाणू नष्ट होतात हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे. तरीही २०१७ साली ऐन एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात स्वाइन फ्लूने माणसे दगावली. २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट आपल्या शहरात मार्च-एप्रिलच्या उन्हातच उसळली. ११ मार्चपासून अंशतः टाळेबंदी लावावी लागली होती, हे वाचकांच्या स्मरणात असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते या लेखात पाहू.

आधी विषाणू म्हणजे काय ते थोडक्यात. पुष्कळ जण जिवाणू आणि विषाणू एकच समजतात. उन्हाळ्यात दूध दुपारपर्यंत नासते ते जिवाणूंमुळे. जिवाणू हा स्वतःचे खाऊन वाढणारा जीव आहे. त्याला ऊब, ओल आणि अन्न मिळाले की तो एकाचे दोन, दोनाचे चार होत जातो. विषाणूला हे जमत नाही. तो आपल्या पेशीत शिरला तरच वाढतो. शरीराबाहेर पडला की त्याची वाढ बंद. तिथे तो नुसता टिकतो किंवा मोडतो. त्यामुळे त्याचा कायदा दुधाच्या उलट आहे. गारव्यात तो जास्त टिकतो, उष्णतेत लवकर मोडतो.

असे का, हे समजायला स्वयंपाकघरात डोकावावे. फ्लूचा विषाणू, कोरोनाचा विषाणू, गोवराचा विषाणू या सर्वांच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचे एक पातळ वेष्टन असते. आपल्या डब्यातले तूप पौषात थिजलेले असते आणि चैत्रात ओघळते, तसेच या वेष्टनाचे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००८ साली फ्लूच्या विषाणूबाबत हे दाखवून दिले. गार हवेत वेष्टन घट्ट होते आणि आतला ऐवज सुरक्षित राहतो. नाकातल्या उबेत ते सैल होते आणि विषाणू पेशीत शिरायला मोकळा होतो. पण हेच सैल होणे बाहेर, हवेत घडले तर विषाणू उघडा पडतो आणि निकामी होतो. उष्णता आणखी वाढली तर त्याच्या अंगावरची प्रथिनेही बिघडतात. अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही, तोच प्रकार. साबण या विषाणूंवर इतका गुणकारी का, याचेही उत्तर त्या तुपातच आहे. भांड्यावरचे तूप काढायला आपण तेच वापरतो. मात्र साध्या सर्दीच्या सर्वांत मोठ्या कुळाला, म्हणजे ऱ्हायनोव्हायरसला, हे वेष्टनच नसते. त्यामुळे त्याच्यावर हाताला लावायचे सॅनिटायझर फारसे चालत नाही आणि तो बाराही महिने आपल्या घरी मुक्कामाला असतो.

किती अंशाला किती वेळ?

२०२० साली हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा विषाणू एका द्रवात ठेवून वेगवेगळ्या तापमानाला तो किती टिकतो ते मोजले. ४ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या फ्रिजच्या तापमानाला, १४ दिवसांनीही तो जवळजवळ होता तसाच होता. २२ अंशाला सातव्या दिवशी अजून सापडत होता, चौदाव्या दिवशी संपला होता. ३७ अंशाला दोन दिवसांत संपला. ५६ अंशाला अर्ध्या तासात आणि ७० अंशाला पाच मिनिटांत.

हे आकडे नीट पाहिले तर बरेच गैरसमज दूर होतात. आपल्या चिकलठाण्याच्या वेधशाळेत मे महिन्यात पारा ४० ते ४२ पर्यंत चढतो. तेवढ्या उष्णतेत द्रवातला विषाणू संपायला एक-दोन दिवसांच्या हिशेबातच वेळ लागतो. तापलेल्या पत्र्यावर, उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या टपावर तो लवकर मरेल, हे खरे. सूर्यप्रकाशात उष्णतेखेरीज अतिनील किरणेही असतात आणि ती तर हे काम काही मिनिटांत करतात. पण पत्र्यावर बसून कोणी आपल्या तोंडावर खोकत नाही.

वाफेचेही तसेच. कोरोनाच्या काळात घरोघरी दिवसातून चार-चार वेळा वाफ घेतली जात होती, 'विषाणू मरतो' म्हणून. विषाणू मारायला ५६ अंशाची उष्णता अर्धा तास लागते. ती घशाला द्यायची म्हटले तर विषाणूच्या आधी घसा भाजेल. वाफेने चोंदलेले नाक मोकळे वाटते, एवढाच तिचा उपयोग. तेवढ्यासाठी मोठ्या माणसाने जरूर घ्यावी. लहान मुलांना मात्र उकळत्या पाण्याच्या पातेल्यापुढे बसवू नये. पातेले कलंडून भाजलेली मुले या शहरातल्या डॉक्टरांनी पाहिलेली आहेत. गरम पाणी पिण्याबद्दलही हेच म्हणता येईल. घशाला बरे वाटते, प्यावे. विषाणूला त्याचे काही वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. विषाणूला टिकायचे असते किती वेळ? फ्लू झालेला माणूस बोलतो, खोकतो, शिंकतो, तेव्हा त्याच्या तोंडातून बारीक थेंब बाहेर पडतात. समोरचा माणूस दोन हातांवर असेल तर ते थेंब काही सेकंदांत त्याच्या नाकात पोहोचतात. अगदी बारीक थेंब बंद खोलीत काही मिनिटे, कधी तासभरही तरंगत राहतात. म्हणजे विषाणूला एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला जेमतेम सेकंद-मिनिटे लागतात. ४२ अंशाची उष्णता त्याला मारायला तासन् तास घेते. तोवर तो दुसऱ्याच्या नाकात, म्हणजे पुन्हा आपल्या आवडत्या घरात, जाऊन बसलेला असतो.

या बाबतीत गिनीपिग या प्राण्यावर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनीस लोवेन, डॉ. पीटर पालेसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली तो केला. हाच प्राणी निवडण्याचे कारणही गमतीचे आहे. १९१८ च्या साथीत अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधील एका लष्करी छावणीत माणसांबरोबर प्रयोगशाळेतले गिनीपिगही मेले, अशी नोंद पालेसे यांना एका जुन्या लेखात सापडली होती. त्यांनी फ्लू झालेला आणि न झालेला गिनीपिग शेजारच्या पिंजऱ्यांत ठेवले; हवा इकडून तिकडे जाईल पण स्पर्श होणार नाही, असे. ५ अंशाला फ्लू सर्रास पसरला. २० अंशाला तो हवेतल्या दमटपणावर अवलंबून राहिला. कोरड्या हवेत जास्त पसरला. ३० अंशाला हवेतून अजिबात पसरला नाही. इथवर वाचले की होळीवाला हिशेब बरोबर वाटतो. पण पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी दोन प्राणी एकाच पिंजऱ्यात ठेवले, आणि ३० अंशालाही फ्लू एकाचा दुसऱ्याला खुशाल झाला. दाटीवाटीने राहणाऱ्यांना उष्णता वाचवत नाही, हे त्या मुक्या प्राण्यांनी सांगितले.

नाकातला हिवाळा

बाहेरच्या हवेइतकेच आपल्या शरीरातले तापमानही महत्त्वाचे आहे. शरीराचे तापमान ३७ अंश असते, पण नाकाच्या आतले तेवढे नसते. श्वासाची हवा सतत आत येत असल्यामुळे ते ३३ अंशांच्या आसपास असते. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस नेमका याच तापमानाला उत्तम वाढतो, ३७ ला त्याची वाढ मंदावते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २०१५ साली उंदरांच्या पेशींवर झालेल्या अभ्यासात याचे एक कारण पुढे आले. पेशींची संरक्षणयंत्रणा गारव्यात थोडी सुस्त होते आणि विषाणूचे फावते. म्हणूनच सर्दी बहुधा नाकातच राहते, छातीत उतरत नाही.

याचा अर्थ फ्रिजचे पाणी प्यायल्याने किंवा पावसात भिजल्याने सर्दी होते का? इंग्लंडमध्ये सॅलिसबरी येथे १९४६ पासून चार दशकांहून अधिक काळ सर्दीचे एक संशोधन केंद्र चालू होते. तिथे स्वयंसेवकांना भिजवून गार वाऱ्याच्या झोतात उभे केले गेले, ओले मोजे घालून बसवले गेले. त्यांना इतरांपेक्षा जास्त सर्दी झाली नाही. पुढे २००५ साली कार्डिफ येथे ९० जणांनी वीस मिनिटे गार पाण्यात पाय बुडवून ठेवले. त्यांच्यापैकी १३ जणांनी पुढच्या चार-पाच दिवसांत सर्दी झाल्याचे सांगितले. पाय कोरडे ठेवलेल्या ९० जणांत ५ जणांनी तसे सांगितले. तेव्हा आजीबाईच्या म्हणण्यात काही तथ्य असू शकेल, पण इतकेच की नाकात आधीपासून दबा धरून बसलेल्या विषाणूला गारव्याने थोडी सवड मिळते. विषाणूच नसेल तर कुल्फी खाऊन सर्दी होणार नाही. दही आणि केळी यांना तर मी केव्हाच निर्दोष सोडले आहे.

ताप येणे हादेखील याच हिशेबाचा भाग आहे. शरीर आपले तापमान ३९ पर्यंत नेते ते विषाणूची वाढ रोखायला. म्हणून १०० ताप दिसला की घाबरून गोळ्यांवर गोळ्या घेण्याचे कारण नाही. अंग फार दुखत असेल, झोप येत नसेल, तर पॅरासिटामॉल घ्यावी. ज्या मुलाला पूर्वी तापात झटके आले असतील, तसेच गरोदर स्त्रिया, हृदयविकार असलेले व वृद्ध यांनी मात्र डॉक्टरांना विचारावे.

इथे कोंबड्यांची आठवण होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, आणि आपल्याकडेही कितीतरी घरांत कोंबडी शिजणे बंद झाले. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. तिच्या फ्लूच्या विषाणूला त्या उष्णतेची सवय. माणसाच्या ३३ अंशाच्या नाकात तो सहसा नीट वाढत नाही, आणि तो माणसांत सहज पसरत नाही याचे हे एक कारण आहे. नवापूरला माणसांचेही नमुने तपासले गेले, एकालाही लागण झाल्याचे आढळले नाही. पण नाण्याची दुसरी बाजू अशी की असा विषाणू चुकूनमाकून माणसाच्या फुप्फुसात वाढू लागला तर आपल्या तापाला तो जुमानत नाही. २०२५ साली केंब्रिज आणि ग्लासगो येथील शास्त्रज्ञांनी उंदरांवर हे दाखवले. रश्श्याला मात्र तो जुमानतो. ७० अंशांच्या वर आतपर्यंत शिजलेल्या कोंबडीत तो उरत नाही, आणि आपल्याकडचा रस्सा तर खदखदा उकळतो.

आपल्याकडचा खरा हंगाम

युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो. आपल्याकडच्या पुस्तकांतही तेच उतरले, आणि फ्लू हा थंडीचा आजार असे आपण धरून चाललो. पण आपल्या भागाचा अनुभव निराळा आहे, आणि तो आजचा नाही. १९१८ च्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. आमच्या घरातली जुनी माणसे एखाद्याचे वय सांगतानाही 'मानमोडीच्या आधीचा' असे सांगत. ती साथ मुंबईला प्रथम जून १९१८ मध्ये आली आणि दुसऱ्यांदा, अधिक भयंकर होऊन, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता, पिके गेली होती. ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे चटका देणाऱ्या उन्हाचा महिना. साऱ्या हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे त्या साथीत गेली, आणि त्यासाठी थंडीची वाट पाहावी लागली नाही.

त्याच मानमोडीचा विषाणू पुढे सापडला तो मात्र बर्फात. अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या गावी नोव्हेंबर १९१८ मध्ये गेलेली माणसे कायम गोठलेल्या जमिनीत पुरली होती. योहान हुल्टिन नावाचे संशोधक १९५१ साली तिथे गेले, नमुने आणले, पण विषाणू जिवंत मिळाला नाही. वयाची सत्तरी ओलांडल्यावर, १९९७ साली, ते पुन्हा गेले. तेव्हा मिळालेल्या फुप्फुसाच्या तुकड्यांतून विषाणूच्या जनुकांचे तुकडे हाती लागले आणि त्यावरून त्याची ओळख पटली. बर्फानेही त्याला जिवंत ठेवले नव्हते, फक्त त्याचे अवशेष राखले होते.

अलीकडचे पाहू. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, भर पावसाळ्यात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने आणि देशातील इतर केंद्रांनी अनेक वर्षे घशातील नमुने तपासून २०१५ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चित्र स्पष्ट झाले. श्रीनगरला फ्लू जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो. पुणे, नागपूर आणि दिल्ली इथे तो पावसाळ्यात वाढतो. चेन्नईला त्यांच्या पावसात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. याखेरीज हिवाळ्याच्या अखेरीस एक लहान उसळी येते, आणि कधी ती लहान राहत नाही. २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वाइन फ्लूने देशभर हाहाकार केला तो याच उसळीत.

पावसाळ्यातच का? मृग लागला की आपल्याकडे चाळिशीतला पारा तिशीच्या खाली उतरतो, ऊन दिसेनासे होते, हवा ओलसर होते. अगदी कोरड्या हवेत विषाणू टिकतो, तसाच काही प्रयोगांत तो खूप दमट हवेतही टिकलेला दिसतो. मधल्या दमटपणात तो लवकर मोडतो. त्यातच जूनच्या मध्याला शाळा उघडतात. खिडक्या पावसाने बंद, वर्गात साठ मुले, दोरीवर वाळत घातलेले ओले कपडे, रिक्षाला ओढलेले पडदे. यातला हवामानाचा वाटा किती आणि दारे-खिडक्यांचा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

माझ्या मते दारे-खिडक्यांचा आणि गर्दीचा वाटा मोठा आहे. त्याला २०२०-२१ चा पुरावा देता येतो. त्या वर्षी युरोप-अमेरिकेत थंडी नेहमीसारखीच पडली, पण फ्लू जवळजवळ नाहीसा झाला, कारण माणसे घरात होती आणि तोंडाला मास्क होते. फ्लूच्या बी प्रकारातली यामागाता नावाची एक शाखा तर मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेली नाही. कडाक्याच्या थंडीत हजार माणसे एकमेकांपासून दूर राहिली तर फ्लू उपाशी राहतो. उलट मे २०२० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत पारा चाळिशीत असताना, कोरोनाच्या रुग्णांचा आकडा हजारावर गेला.

आणि मे महिन्यात आपण असतो तरी कुठे? उन्हात असतो तो शेतकरी, गवंडी आणि हातगाडीवाला. बाकीचे सावलीत, आणि पुष्कळ जण एसीमध्ये. बँक, शिकवणीचे वर्ग, लग्नाचे एसी हॉल, रात्री पुण्या-मुंबईला जाणारी स्लीपर ट्रॅव्हल्स, या सर्व ठिकाणी २२-२४ अंश तापमान, कोरडी हवा, बंद काचा आणि तीच ती हवा पुन्हा पुन्हा फिरवलेली. बाहेर ४२ असताना आत आपण विषाणूला हवा तसा हिवाळा बनवून ठेवतो. या बाबतीत आपला वाळ्याच्या ताट्यांचा जुना कूलर बरा. तो बाहेरची ताजी हवा आत ढकलतो आणि त्याचे काम नीट व्हायचे तर समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते. घरात कोणी खोकत असेल तर उन्हाळ्यात कूलर लावावा, खिडकी उघडी ठेवावी. एसीच असेल तर तासा-दोन तासांनी दहा मिनिटे दार-खिडकी सताड उघडावी. वीजबिल थोडे वाढेल, इलाज नाही.

उन्हाळ्यात फ्लू नसतो या समजुतीचा खरा तोटा वेगळाच आहे. मे २०१७ मधली गोष्ट. जवळच्या एका गावातून सातव्या महिन्यातली एक गरोदर मुलगी माहेरी आली होती. लग्नाला जाऊन आल्यावर ताप चढला. घरच्यांनी ठरवले, ऊन लागले. कैरीचे पन्हे झाले, तळपायांना कांदा चोळून झाला, डोक्यावर ओल्या पट्ट्या झाल्या. खोकला होता, पण तो 'एसीच्या गाडीत बसल्यामुळे' असे धरले गेले. चौथ्या दिवशी माझ्याकडे आणली तेव्हा ती मिनिटाला चाळीस श्वास घेत होती आणि एक वाक्य सलग बोलू शकत नव्हती. तिला त्याच पावली मोठ्या रुग्णालयात पाठवले. तपासणीत स्वाइन फ्लू निघाला. पुष्कळ दिवस ऑक्सिजनवर राहून ती वाचली, बाळही वाचले. तिच्या आईने मला विचारले, 'एवढ्या उन्हाचं कसं काय झालं हो?'

ऊन लागणे आणि फ्लू यांतला फरक घरच्या घरी बराचसा कळतो. ऊन लागलेला माणूस बहुधा काही तास उन्हात किंवा भट्टीजवळ राबलेला असतो. अंग चटका बसेल इतके तापते, चक्कर येते, मळमळते, कधी भ्रम होतो. खोकला आणि घसादुखी नसते. भ्रम होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर अंगावर पाणी मारत, वारा घालत तडक रुग्णालय गाठावे. फ्लूमध्ये तापाबरोबर कोरडा खोकला, घसा धरणे, सर्वांगाला ठणका असतो, आणि बहुतेक वेळा घरात किंवा कामावर आणखी कोणी खोकत असते. ज्यांना मधुमेह, दमा, हृदयविकार आहे, ज्या गरोदर आहेत, ज्यांचे वय ६५ च्या पुढे किंवा पाचच्या आत आहे, त्यांनी असा ताप आल्यावर दुसरा दिवस पाहत बसू नये. फ्लूवरचे ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर दिसणे, मूल सुस्त पडणे किंवा दूध-पाणी सोडणे, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणे, यांपैकी काहीही दिसले तर महिना कोणता चालू आहे याचा विचार न करता रुग्णालयात जावे.

शेवटी लसीविषयी, कारण तिचीही वेळ या हंगामावरच ठरते. पाश्चात्त्य सवयीने काही जण फ्लूची लस दिवाळीनंतर घेतात. लसीचा जोर काही महिन्यांत ओसरतो, आणि आपला मोठा हंगाम जूननंतर असतो. तेव्हा आपल्या भागात ती एप्रिल-मेमध्ये, मृगापूर्वी घेणे योग्य. जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी विषाणूंच्या शाखा ठरवते. त्या शिफारशीची नवी लस साधारणतः याच सुमारास आपल्याकडे येते. डब्यावर कोणत्या वर्षाची आहे ते वाचून घ्यावे. विषाणू वर्षागणिक रूप बदलतो, म्हणून लसही दरवर्षी घ्यावी लागते. गरोदरपणात ही टोचायची लस देता येते, आणि तिचा फायदा जन्मणाऱ्या बाळालाही पहिले काही महिने मिळतो. सहा महिन्यांपुढील मुलांना बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने द्यावी.

लस कुठून घेता, हेही पाहावे. ती २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. उन्हाने ती निकामी होते, आणि गोठली तरी निकामी होते. म्हणून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात तिला ठेवत नाहीत. औषधाच्या दुकानातून डॉक्टरांकडे न्यायची असेल तर बर्फाच्या पिशवीत न्यावी, पण बर्फ लसीला थेट टेकू देऊ नये, मध्ये पुठ्ठा किंवा कापड ठेवावे. मे महिन्यात दुपारी बारा वाजता स्कूटरच्या डिकीत घालून अर्धा तास फिरवलेली लस मी टोचत नाही, पेशंट कितीही रागावला तरी. आणि दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा: काल रात्री वीज गेली होती, तेव्हा तुमचा फ्रिज कशावर चालू होता?